हुकूम, होकार आणि बकऱ्या

गझालाच्या प्रकल्पाला वीसपैकी अठरा गुण मिळाले आणि पुंडलिकरावांची झोप उडाली.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञानाच्या तोंडओळखीचा पेपर असतो. त्यासाठी एका लेखकाच्या राजकीय विचारांचं विश्लेषण करायचं होतं. मोठ्या लेखकांवरचं सगळं पोरं मोबाइलमधून उतरवतात, म्हणून धम्मरत्न सरांनी अट घातली, की लेखक आपल्याच भागातला हवा. ढाणकीत लेखक एकच, पुंडलिकराव. उमरखेडच्या बसस्थानकावर उभा जन्म भोंग्यातून गाड्या पुकारून ते निवृत्त झाले आणि पदरच्या पैशानं त्यांनी ‘माणूस, मत आणि मर्यादा’ नावाचं पुस्तक काढलं. गावात कोणाचाही सत्कार असला की शाल, नारळ आणि हे पुस्तक देण्याची पद्धत पडली. घेणारा ते न उघडता पुढच्या सत्काराला देऊन टाकी. एकदा तर खुद्द पुंडलिकरावांच्या सत्कारात त्यांना तेच मिळालं. मरण्याआधी एकानं तरी ते मनापासून वाचावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती. ती काही फार मोठी नव्हती, पण पुरी होण्याचं लक्षणही नव्हतं.

म्हणून वाहिद मेकॅनिकची गझाला पुस्तक मागायला आली तेव्हा त्यांना भरून आलं. सत्कारात मिळालेली ती लाल फीत बांधलेली प्रतच त्यांनी तिच्या हातात ठेवली. आता ती प्रत आणि प्रकल्प दोन्ही घेऊन ती ओसरीवर उभी होती.

“काका, सर लई खूश झाले. म्हनले, असा विचार जिल्ह्यात कोनी मांडला नाई. अख्ख्या वर्गाले वाचाले द्याचं म्हनते. दहा पुस्तकं मांगतले.”

“कोनता विचार आवडला त्याइले?” पुंडलिकरावांनी पुढं सरकून विचारलं.

“तोच ना. बकऱ्यायचा.”

पुंडलिकरावांनी आयुष्यात बकरीवर एक ओळ लिहिली नव्हती. गझालानं प्रकल्प उघडून वाचायला घेतलं.

“‘लेखकाच्या मते प्रजेला ओलसर जागेत कोंडू नये. मारक्या बोकडास कळपापासून वेगळे बांधावे, या एका वाक्यात लेखकाने हुकूमशाहीचा सारा धोका सांगितला आहे. पावसाळ्यापूर्वी जंताचे औषध पाजावे, हा भ्रष्टाचारावरील त्यांचा उपाय मूलगामी आहे.’”

ती प्रत परत देऊन गेल्यावर पुंडलिकरावांनी ती उघडली. तिसरं प्रकरण ‘हुकूम आणि होकार’ गायब होतं. दोन वर्षं रक्त आटवून लिहिलेलं, पुस्तकाचं काळीज असलेलं ते प्रकरण. त्याच्या जागी शेळ्यांची निगा व उपचार आले होते.

त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, दिवाणातलं एकेक पुस्तक काढून तपासलं. “बाकीच्यात एकबी बकरी नाई वो,” त्या म्हणाल्या. यानं तर पंचाईत वाढलीच. ही पुस्तकं वर्गात गेली की पोरं विचारणार, बकऱ्या कुठं आहेत? आणि गझाला खोटारडी ठरणार.

“सरले खरं सांगून टाका ना.”

“कसं सांगू? पोरीचे गुन जाईन. अन् लोक म्हनतीन, लेखकानंबी स्वतःचं पुस्तक उघडलं नव्हतं.”

“तसंबी सत्काराचं पुस्तक कोन उघडते?” विमलताई म्हणाल्या आणि पुस्तकं पुन्हा दिवाणात रचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दहा पुस्तकं आणि ती लाल फितीची प्रत पिशवीत घालून पुंडलिकराव उमरखेडला, पुस्तक जिथं छापलं त्या कलीमच्या छापखान्यात गेले. कलीमनं लाल फितीची प्रत चाळली आणि कपाळावर हात मारला.

“तुमचं पुस्तक अन् बकऱ्यायचं पुस्तक, दोन्ही कामं एकाच हप्त्यात होते, काका. बाइंडिंगच्या वक्ताले एक फर्मा इकडचा तिकडं गेला असन.” फर्मा म्हणजे एकत्र छापलेली सोळा पानं. पुंडलिकरावांचं अख्खं प्रकरण बरोबर तेवढ्यात बसलं होतं. “माफ करा. आताच्या आता दुरुस्त करून देतो.”

“दुरुस्त नको करू,” पुंडलिकराव मान खाली घालून म्हणाले. “या दहा पुस्तकायत बकऱ्या टाकून दे.”

कलीमनं कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडं बोट दाखवलं. “टाकतो. बकऱ्यायचे फर्मे पडून हायेत. पन तुमचे पानं काढा लागतीन.”

“काढ.”

माणसानं कोणाच्या भीतीनं आपला होकार देऊ नये, असं त्याच पानांत लिहिलं होतं. कलीमनं शिवण उसवली. काळजाचे दहा तुकडे जमिनीवर पडले आणि पुंडलिकराव दाराबाहेर बघत बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. वाचलं गेलं तेही दुसऱ्याचं.

मग त्यांनी वळून विचारलं, “कलीम, इकडं बकऱ्या आल्या. मंग माहे सोळा पानं कुठं गेले?”

“बकऱ्यायच्या पुस्तकात. आता आठोते. तांड्यावरचा धरमसिंग आलता भांडाले. ‘आता बकऱ्या येतीन, मंग येतीन म्हनून सारे वाचले,’ म्हने. घरी बायकोलेबी वाचून दाखोले.”

“सारे?”

“सारेच. म्हने, यात बकऱ्या नाईत, पन हापिसात सायेब आपल्याले उभं काहून ठेवते अन् आपन काहून उभं राह्यतो, ते बराबर लेहेलं हाय. मी त्याले दुसरं पुस्तक देल्लं. ते पह्यलं वापस मांगतलं, तं देल्लं नाई. दोन्ही घेऊन गेला.”

पुंडलिकरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते पिशवी तिथंच टाकून उठले.

“कलीम, तांड्यावर गाडी कवा जाते?”

“काका, तुमी मले विचारून राह्यले?” कलीम म्हणाला.