देवमनभाऊंच्या दारातल्या चपला

मार्चची बारा तारीख. मी गच्चीवर मुगाच्या वड्या घालत होते. या कामात हात अडकतात, पण डोळे मोकळे असतात, आणि आमच्या गच्चीवरून समोरच्या देवमनभाऊंचं दार सरळ दिसतं. त्या दारात सात जोड चपला होत्या. आत माणूस एकच होता.

देवमनभाऊ एके काळी सोयरिकी जमवत. आमच्या या मालेगावपासून कामरगावपर्यंत कोणाच्या घरात मुलगी लग्नाची आहे, कोणाच्या मुलाचं शिक्षण खरं आणि कोणाचं नुसतं सांगण्यापुरतं, हे त्यांना तोंडपाठ. मानपानावरून रुसून बसलेला वरबाप कसा उठवायचा, हे त्यांनाच जमायचं. तेव्हा त्यांच्या ओसरीवर खरोखरच बैठका भरत, आणि दारात चपलांचा असा खच पडे की दूधवाला बाहेरूनच हाक मारी.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. मुलांचे बायोडाटे ग्रुपवर फिरायला लागले आणि भाऊंची ओसरी रिकामी झाली. बायको त्याआधीच गेली होती. एकुलती मुलगी रेखा मंगरूळपीरला दिलेली.

रिकामी ओसरी भाऊंना मान्य नव्हती. लग्नांच्या मांडवात मागे राहिलेल्या, अदलाबदलीत उरलेल्या चपला त्यांनी एका पोत्यात जपून ठेवल्या होत्या, मालक येईल म्हणून. मालक आले नाहीत, पण चपला कामी आल्या. सकाळी चहा झाला की भाऊ दारात एकेक जोड मांडत. तेही सरळ ओळीत नाही, घाईत काढल्यासारखे. एक पालथी, एक उंबऱ्याला टेकलेली, बायकांचा जोड जरा बाजूला. रोजची मांडणी वेगळी. पावसाळ्यात तर ते तांब्यानं पाणी शिंपडून त्यांना थोडा चिखलही लावत. आतून टीव्हीवरची चर्चा मोठ्या आवाजात सुरू असे आणि भाऊ मधूनमधून तिला उत्तर देत.

कोणी हाक मारली की भाऊ दारात येऊन हलक्या आवाजात सांगत, "बैठक चालू हाय." पाच मिनिटं बसायला बोलावलं तर म्हणत, "आपल्याले टाइम कुठी हाय?" परसात एकच ताट घासलेलं आणि एकच बनियन वाळत घातलेलं असे, तरीही.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. आमची गल्ली काही फार सोज्वळ नाही, कोणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या यावरही इथं बोललं जातं. पण चपलांचं कोणी काढत नसे. माझे यजमान तर येता-जाता विचारायचे, "भाऊ, आज गर्दी दिसते?" आणि भाऊ कपाळाला हात लावून म्हणायचे, "लोकं आयकतच नाईत ना."

तर त्या आठवड्यात भाऊ बिनसलेले होते. रेखाच्या मुलाचं जावळ रविवारवर आलं होतं. तिनं फोनवर दहा वेळा सांगितलं, पण भाऊंचा कायदा असा की आवतन द्यायला जावयानं स्वतः दारात यायचं. जावई, प्रमोद त्यांचं नाव, ठिबकच्या नळ्या विकतात आणि दर आठवड्याला मालेगावात येतात. भाऊ मला म्हणाले होते, "वैनी, जवाई गावात येते अन् आपल्या दारात येत नाई. मोठे झाले. आपण बी जावळाले जात नाई." एवढं बोलून ते टाइम नसल्यासारखे लगबगीनं घरात गेले होते. पण मला वाटलं, हा माणूस खरंच जाणार नाही, आणि एकदा असा गेला नाही की पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलावणारही नाही.

आता वड्यांकडे येते. दुसरं ताट निम्मं झालं होतं, तेवढ्यात मोटारसायकल थांबली. प्रमोदच. हातात पेढ्यांचा पुडा. ते दारापर्यंत गेले, चपलांकडे पाहिलं, आतली चर्चा ऐकली, थोडं घुटमळले आणि परत फिरले.

मी कठड्यावरून हाक मारली, काहून चालले म्हणून. ते आमच्या गच्चीखाली येऊन म्हणाले, "काकू, अंदर लय लोकं हायेत. याच्या आंधी बी दोनदा येऊन गेलो. दर टायमाले बैठकच चालू. एवढ्या लोकायच्या मधात कसा घुसू?"

माझा हात पिठातच राहिला. भाऊंनी जी गर्दी दारात मांडली होती, तिनंच त्यांचा जावई दोनदा परत पाठवला होता.

खरं सांगून टाकणं सोपं होतं. पण ते संध्याकाळपर्यंत मंगरूळपीरला पोचलं असतं, आणि जावळाच्या पंगतीत भाऊ म्हणजे चपलावाले व्याही झाले असते. मी म्हटलं, "थांबा बापू, आलेच."

पिठाच्या हातानंच घमेलं घेऊन मी खाली उतरले आणि भाऊंच्या दारातल्या चपला त्यात भरायला लागले.

"या आमच्या हायेत," मी सांगितलं. "ऊन दाखवाले ठेवल्या होत्या. भाऊच्या दारात ऊन चांगलं येते."

प्रमोदनी त्यातला बिनलेसचा काळा बूट पाहिला, बायकांचा जोड पाहिला, एक जुना कातडी जोडा पाहिला.

"साऱ्या तुमच्याच?"

"हो. तुमचे काका कोणतीच चप्पल फेकू देत नाईत."

माझे यजमान बाजारात होते, म्हणून बरं.

आवाज ऐकून भाऊ बाहेर आले. समोर जावई, हातात पुडा. बाजूला मी, घमेल्यात त्यांची बैठक. भाऊंचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता, त्यावर कसलाच आव नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस घरात जाऊन दार लावून घेणार.

भाऊंनी गळा साफ केला. "वैनी, झालं काय ऊन लावून?"

"झालं भाऊ."

"मंग न्या." आणि जावयाकडे वळून ते म्हणाले, "या ना बापू. मी मोकळाच बसलो होतो."

भाऊंच्या तोंडून हे वाक्य आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. मला एकदम हलकं वाटलं. प्रमोदनी उंबऱ्यापाशी आपले बूट काढले आणि आत गेले. टीव्ही बंद झाला. मी वर जाऊन पाहते तर कावळ्यांनी एका ताटाचा निकाल लावलेला. असो.

संध्याकाळी मी घमेल्यातल्या चपला परत द्यायला गेले. भाऊ आत्तापासूनच रविवारची पिशवी भरत होते, नातवासाठी घेतलेलं झबलं त्यांनी तीनदा काढून पुन्हा ठेवलं. चपला घ्यायचं मात्र नाव काढेनात. मग खाली बघतच म्हणाले, "रेखा रोज फोनवर तोंड पाहून बोलते. इचारते, बाबा, आज कोन आलतं? मी मोबाइल फिरवून दार दाखवतो. दार रिकामं दिसलं तर ते पोरगी सासरी जेवत नाई, वैनी."

मी चपलांसकट घमेलं घेऊन घरी आले. यजमानांनी जिन्यावरच्या सात जोड चपला पाहून कोण आलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, कोणी नाही, जेवून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांनी सोडलेल्या वड्या वाटीत घेऊन मी समोर गेले. दार मोकळं होतं. मी कडेला भिंतीशी चप्पल काढली आणि आत पाय ठेवणार, तोच ओसरीवरून भाऊ म्हणाले, "वैनी, जराशी इकडं काढा. तिथं रस्त्यावरून दिसत नाई."

मी मागे फिरून चप्पल उंबऱ्यासमोर नीट लावली आणि आत जाऊन बसले.