खाट चारचे मास्टर ट्रेनर

ज्ञान वापरले नाही तर ते झिजत नाही. म्हणूनच मोठ्या संस्था ते जपून ठेवतात.

लखनौच्या आमच्या बालरुग्णालयात (नाव सांगण्याची परवानगी मागितली आहे, फाइल हज़रतगंजच्या मुख्य कार्यालयात गेली आहे) पॅलिएटिव्ह केअरचे ज्ञान शंभर टक्के कर्मचाऱ्यांपर्यंत पोचले आहे, लिफ्टमन धरून. आजार बरा होणारा नसला तरी मुलाचे दुखणे थांबवता येते, हे आता पार्किंगवालाही सांगतो, आणि न विचारता सांगतो. हे ज्ञान प्रत्यक्षात किती उतरले ते मोजण्यासाठी माझी नेमणूक झाली. मी संख्याशास्त्राची पदवीधर आहे. मोजणे मला जमते.

खाट चारवर अमोघ होता. वय नऊ, वडील रेल्वेत इंजिनिअर, हाडांचा कर्करोग. अंगाला चादर लागली तरी तो कळवळायचा. त्याला मॉर्फिन हवे होते. मॉर्फिन कपाटात होते, किल्ली सिस्टरकडे होती, सिस्टर जागेवर होत्या. म्हणजे त्रुटी कुठेच नव्हती. फक्त डॉक्टरांची सही व्हायची होती.

प्रशिक्षणानुसार आधी दुखणे विचारावे. त्यासाठी सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो. पहिला हसरा, सहावा रडका. सराव प्रत्येकाला सक्तीचा, म्हणून सगळे रांगेने आले. अमोघने प्रत्येकाला सहावा चेहरा दाखवला. इतकी एकसारखी आकडेवारी विज्ञानात क्वचितच मिळते.

लिफ्टमनने तक्ता उलटा धरला तेव्हा अमोघ म्हणाला, "भैया, सीधा पकड़ो. और पहले नाम पूछते हैं, यार."

या निरीक्षणाची दखल घेऊन त्याला मास्टर ट्रेनर करण्यात आले. बिल्ला दिला (अंगावर सहन होईना, म्हणून उशीला लावला).

त्याची आई, चारुलताकाकू, मला म्हणाल्या, "बिल्ला छान आहे गं. औषध?"

"काकू, तेच तर मोजतेय."

सही दोन डॉक्टरांपैकी कुणाचीही चालते. पण मॉर्फिनचा हा वॉर्डातला पहिलाच डोस, आणि पहिल्या सहीची चौकशी होऊ शकते. अशा वेळी या शहरात अदब फार वाढते.

"रिज़वी साहब, पहले आप," डॉ. निगम म्हणाले.

"हमारी क्या मजाल! आप सीनियर हैं."

"मगर तजुर्बा तो आपका है."

"ज़र्रानवाज़ी है आपकी."

"अंकल," अमोघ दात आवळून म्हणाला, "दोनों साथ में कर दो ना."

दोघेही भारावले. "क्या ज़हीन बच्चा है!" सूचना इतकी उत्तम होती की ती थेट समितीकडे पाठवण्यात आली. समिती सध्या दिल्लीत आहे. आमचे रुग्णालय इतरांना आदर्श म्हणून कसे दाखवावे, यावर तिचे सादरीकरण आहे.

काकूंनी माझा हात धरला. "तू शिकलेली आहेस ना? काहीतरी कर."

मी नोंद केली: कुटुंबाशी संवाद, समाधानकारक.

अहवाल पूर्ण आहे. ज्ञान शंभर टक्के, सहानुभूती सत्त्याण्णव (तीन जण रजेवर), वापर प्रक्रियेत.

आता राहिली वाचकांची नोंद. मजकूर इथवर वाचला: होय. मुलाला दुखते आहे हे समजले: होय. वाईट वाटले: होय, मध्ये एकदोनदा हसूही आले. एवढ्यावर आमच्याकडे प्रमाणपत्र मिळते. अभिनंदन. ते घेऊन बाहेर पडताना खाट चारवरूनच जावे लागते. तिथे बहुतेक जण मोबाइलमध्ये बघतात. तुम्हीही बघा, चालते.