सत्तर दक्षिणचे वाकळे

वाकळेंना पत्ता विचारायची सोय नाही. रिक्षावाल्यालासुद्धा ते सांगतात, "वीस उत्तर, चिकलठाणा." वीस हा आपल्या शहराचा अक्षांश. रिक्षावाला बिचारा वीस नंबरचं घर शोधत फिरतो.

वाकळे जनरेटरचे मेकॅनिक. तरुणपणी अंटार्क्टिकावरच्या भारतीय ठाण्यावर वर्षभर जनरेटर सांभाळायला गेले होते. ते ठाणं सत्तर अंश दक्षिण अक्षवृत्ताजवळ. परत येऊन तीस वर्षं झाली, पण पूर्ण काही आलेले नाहीत. मी शेजारी. तीस वर्षं ऐकतोय. थकलोय.

मे महिन्यात लाइट गेली, मी घामानं निथळत ओट्यावर आलो, की हे हजर. "सत्तर दक्षिणला जनरेटर बंद पडला तर माणूस बंद पडतो, साहेब. इथं नुसता पंखा!"

एकदा त्यांच्या स्कूटरवर मागं बसून चाललो होतो. चुकून म्हणालो, "तुम्ही दक्षिण ध्रुवावर होतात ना?" झालं! क्रांती चौकात, सिग्नल सुटलेला असताना, स्कूटर थांबवली. "ध्रुव नव्वदवर. आम्ही सत्तरवर. मधी वीस अंश! इथून विषुववृत्त जेवढं लांब, तेवढं. माणसानं नेमकं बोलावं." मागचे हॉर्न फक्त मला ऐकू येत होते.

गेल्या जूनमध्ये एका रविवारी म्हणाले, "चला, पैठणला जाऊन येऊ." नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून एसटीत बसलो.

पैठणला एका मेंढपाळाच्या घरी गेलो. त्या घरचा दत्ता यंदा त्याच ठाण्यावर जनरेटर सांभाळतोय. त्याच्या आईला तिकडची खबर द्यायला वाकळे दर रविवारी येतात, हे मला तिथं कळलं.

"भाऊ, उन्ह पडलं का तिकडं?" तिनं पाण्याचा तांब्या ठेवायच्या आधीच विचारलं.

"पडलं की, ताई. लई झकास. पोरानं कपडे वाळत घातलेत."

"मंग बरंय," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "वाकळे, तिथं जूनमध्ये सूर्य उगवतच नाही. तुम्हीच शंभरदा सांगितलंय."



"मी माझ्या आईला फोनवर खरं सांगितलं होतं, साहेब. दोन महिने अंधार असतो म्हणून." मग हळूच म्हणाले, "तिनं दोन महिने घरातला कंदील विझू दिला नाय. दिवसाबी."