काकूंचे पावसाळे

कांबळे काका भेटले की आधी "जय भीम" म्हणतात आणि लगेच, "पावती ठेवलीस ना?" कसली पावती, हे आपण विचारायचं नाही. खुर्ची घेतली, चष्मा बदलला, दात भरून घेतला, काहीही असो, फिनान्झआम्टला, म्हणजे इथल्या आयकर कार्यालयाला, ते दाखवता आलं पाहिजे. माझ्या लग्नाची तारीख जानेवारीतली ठरली तेव्हा म्हणाले, "आल्झो, असं कर, डिसेंबरात उरकून टाक. सरत्या अख्ख्या वर्षाची करसवलत मिळेल." मी जानेवारीतच केलं. काकांनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

इथं जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पेन्शन एवढीशी, त्यामुळे त्यांना स्वतःचं विवरणपत्र भरावं लागत नाही. म्हणून ते इतरांची भरतात, फुकट. गॅस आणि वीज महागली त्या वर्षी सरकारनं कमावत्या माणसांना तीनशे युरो जाहीर केले, तेव्हा तर काकांच्या अंगातच आलं. ज्यांना ते पगारातून मिळणार नव्हते, त्यांनी विवरणपत्र भरून मिळवायचे होते. काका युनिव्हर्सिटीच्या खानावळीत जाऊन मराठी पोरांना गाठायचे.

"या वर्षात एक दिवस तरी काम केलंस?"

"कपबश्या धुतल्या काका, महिनाभर."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तीनशे तुझे. पगाराची चिठ्ठी आण."

या रकमेचं जर्मन नाव एनर्जीप्राइसपाउशाले. काकूंची जीभ त्यावर अडखळायची, म्हणून त्यांनी सरळ "पावसाळे" करून टाकलं. काकू कोपऱ्यावरच्या बेकरीत आठवड्यातून तीन सकाळी मिनीजॉब करायच्या; घरचा पाव काका तिथूनच, त्यांच्याच हातून घ्यायचे. "अहो, जगाचे पावसाळे मोजताय, माझे कधी येणार?" असं काकांना चिडवायच्या. त्यांचे सप्टेंबरात येणार होते. काकू ऑगस्टमध्ये गेल्या.

काही महिने काकांनी कुणाचाच फॉर्म भरला नाही. मग पुन्हा पोरं धरायला लागले, पहिल्यापेक्षा जास्त. बेकरीकडे मात्र फिरकेनात. पाव पार स्टेशनजवळून आणायचे.

गेल्या महिन्यात मी माझी फाइल घेऊन वर गेले. काका चहा टाकायला उठले आणि माझी नजर लॅपटॉपवर गेली. काकू गेल्या त्या वर्षाचं, काका-काकूंचं जोडीचं विवरणपत्र उघडं होतं. ते पाठवलेलंच नव्हतं.

"काका, याची मुदत डिसेंबरात संपते ना? काकूंचे तीनशे बुडतील."

"माहीत आहे. गेलेल्या माणसाचेही मिळतात. नियमच आहे तसा."

"मग अडलंय कुठं?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "विवाहित, कधीपासून" या रकान्यात तारीख होती. त्याच्याखाली "विधुर, कधीपासून" हा रकाना कोरा.

"दर वर्षी उघडतो मीनल. इथपर्यंत येतो. मग चहा करतो."

एवढ्या जणांचे फॉर्म भरलेला माणूस एका तारखेपाशी चार वर्षं अडला होता. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, की इतक्या वर्षांत आपण त्यांना कधी विचारलं नाही.

"मी टाकू?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. एरवी दुसऱ्याचा आकडा तीनतीनदा तपासणारे काका खिडकीबाहेर बघत राहिले. मी तारीख टाकली. पुढचे रकाने त्यांनी पटापट भरले, आवाजात पुन्हा जोर आला, आणि पाठवण्याआधी माझ्याही फाइलीतल्या दोन चुका काढून मला बोल लावले.

परवा सकाळी दारावर टकटक झाली. काका उभे होते, हातात पावाची पिशवी. अजून गरम होती. वर कोपऱ्यावरच्या बेकरीचं नाव.

"पावसाळे आले," म्हणाले. "घे, सगळ्यांना वाटतोय."

मला त्यांची थट्टा करायची हुक्की आली. "पावती ठेवलीत ना काका?"

"गल्ल्यावरची पोरगी देत होती. नको म्हटलं." काका जिना चढायला वळले. "हिच्याकडे कधी पावती मागितली होती का मी?"