कॅलीच्या प्रवेशासाठी मी राज्याची हद्द सरकवली

मी एकदा मनावर घेतलं की राज्याची हद्दसुद्धा सरकते. थापा मारत नाही मी. आमच्या अंगणात येऊन बघा, नारिंगी फितीच्या खुंट्या अजून रोवलेल्या आहेत!

आम्ही दक्षिण कॅरोलायनाचे. म्हणजे, होतो. घरामागे कोंबड्यांचं खुराडं आणि खुराड्यापलीकडे उत्तर कॅरोलायना, असं माझे वडील सांगायचे. मी वेंडेल गॅडी, बोअर मारतो. बावीस वर्षं या भागातली जमीन पोखरतोय, तेव्हा जमिनीबद्दल मला कुणी शिकवायला जाऊ नये.

दोन मुली आम्हाला. थोरली कॅली, धाकटी मार्लो. कॅली चौथीत असताना वादळानं आमचं छप्पर उडवलं, तेव्हापासून ती ढगांच्या मागे लागलीय. तिला हवामानशास्त्र शिकायचंय, आणि तेही उत्तरेच्या सरकारी विद्यापीठातच. तिथं बाहेरच्या राज्यातल्या मुलांना शंभरातल्या जेमतेम अठरा जागा, आणि त्या अठरांवर अख्ख्या देशातली हुशार पोरं तुटून पडलेली.

"म्हणजे एका खुराड्यामुळे माझी पोर परकी?" मी जेवताना विचारलं.

"नियम आहे, डॅडी," कॅली म्हणाली. "मी बाहेरची म्हणून अर्ज भरून टाकलाय. माझे मार्क चांगले आहेत. तुम्ही काही करू नका."

"मी कुठे काय करतोय?"

माझी बायको नदीन हिनं हातातला काटा खाली ठेवला. "वेंडेल, तू असं म्हणालास की काहीतरी मोडतंच."

आता गंमत अशी, की ही हद्द अडीचशे वर्षांपूर्वी झाडांवर कुऱ्हाडीचे घाव घालून आखलेली. झाडं कधीच मेली. म्हणून दोन्ही सरकारं नव्यानं मोजणी करत होती, पण गोगलगायीच्या चालीनं. मी फक्त रेटा लावला. मोजणीवाले हार्गेटसाहेब तीन मैलांवर काम करत होते, त्यांना गाठलं, नदीनच्या हातचा पीचचा मुरंबा दिला आणि म्हणालो, "साहेब, आमच्यापासून सुरुवात करा. तुमच्या पायाला खडासुद्धा टोचणार नाही, माझी गॅरंटी."

ते आले. दोन दिवस दुर्बिणीतून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेवटची खुंटी ठोकली ती आमच्या टपालपेटीच्या पुढ्यात, रस्त्याला लागून. घर, अंगण, खुराडं, सगळं उत्तरेत! मी हार्गेटसाहेबांना मिठीच मारली. बिचाऱ्यांचा चष्मा पडला.

"आजपासून डुकराच्या मटणावर मोहरीचा सॉस बंद," नदीन म्हणाली. "तुझ्या नव्या राज्यात व्हिनेगर घालतात."

"कॅलीसाठी मी व्हिनेगर पिईनसुद्धा."

लायसन बदललं, गाडीची पाटी बदलली. आणि कॅलीला सुखद धक्का द्यावा म्हणून तिला न सांगता मी मोजणीचा नकाशा रजिस्टर पोस्टानं विद्यापीठाला धाडला. वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ही मुलगी आता तुमचीच.'

दहा दिवसांनी उत्तर आलं. अर्जात एक राज्य, वडिलांच्या कागदात दुसरं. शुक्रवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर अर्ज बाजूला ठेवला जाईल.

कॅली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "डॅडी, मी सांगितलं होतं ना?" मला खरंच रडू आलं. आठ वर्षांचं तिचं स्वप्न मी एका पोस्टाच्या पाकिटात घालून बुडवायला निघालो होतो.

गुरुवारी आम्ही तीन तास गाडी हाकून विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. टेबलामागे ऑटलीबाई होत्या. शांत बाई, पण पेन्सिलीला टोक भाल्यासारखं.

"वर्षभरापूर्वी तुम्ही कुठे राहत होतात?"

"याच घरात," मी म्हणालो.

"आणि हे घर कुठे होतं?"

"आहे तिथंच. हद्द हलली."

"म्हणजे तुम्ही राज्य बदललंत."

"बाई, मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही!"

त्यांनी पेन्सील खाली ठेवली. "इथं सलग बारा महिने राहिलात तरच तुम्ही इथले. आमच्या हिशेबानं तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी आलात."

"आणि दक्षिणेच्या हिशेबानं?"

"तीन आठवड्यांपूर्वी गेलात."

तेलही गेलं, तूपही गेलं! पोर आता दोन्हीकडे परकी. मी तरी हार मानतो की काय? मी नकाशा उलगडला. टेबल पुरेना, म्हणून अर्धा बाईंच्या मांडीवर पसरला.

"डॅडी," कॅली हळूच म्हणाली, "तुम्ही गाडीत जाऊन बसता का, प्लीज?"

बसलो. पाऊण तासानं ती आली. "बाहेरची म्हणून सही करून आले. अर्ज परत रांगेत लागलाय. आता कुणालाही पत्र लिहू नका. मला वचन द्या."

मी वचन दिलं. पाळलंसुद्धा, नदीनला विचारा.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. कॅलीनं तो वाचला, परत वाचला आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मिळाली जागा! बाहेरच्यांच्या अठरांमध्ये, स्वतःच्या हिमतीवर, माझी कवडीची मदत न घेता. अहो, छातीच फुगली माझी. त्या रात्री मी मटणावर व्हिनेगर ओतून घेतलं आणि सांगितलं, "बघा, शेवटी सगळं मनासारखं झालं."

मार्लो मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"पण डॅडी, मला दक्षिणेच्या विद्यापीठात जायचंय. माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथं जाणार आहेत. तिथं मी आता बाहेरची ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन वर्षं आहेत अजून," मी म्हणालो. "मी बघतो."

नदीन उठली, फ्रिजवर चिकटवलेला हार्गेटसाहेबांच्या नंबराचा कागद काढला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. मी तिला थांबवलं नाही. नंबर मला पाठ आहे.