कुकर ठेवला, कॉम्प्युटर नेला

विजेतलं मला सगळं कळतं! घरचा फ्यूज मी बांधतो, इस्त्री मीच उघडतो. उघडलेली इस्त्री पुन्हा चालत नाही, पण तो इस्त्रीचा दोष.

परदेशात गोदामात नोकरी लागली आणि निघताना बॅगांचं वजन जास्त भरलं, तेव्हा मी बायकोला ठणकावून सांगितलं, "तुझा कुकर राहू दे. माझा कॉम्प्युटर येणार!"

"अहो, तिकडे कॉम्प्युटर मिळत नाहीत का?"

"मिळतात गं! पण हाताखालचा तो हाताखालचा!"

नोकरी कच्ची होती. साहेबांना काम पसंत पडलं तर पक्की, नाहीतर परतीचं विमान. म्हणून मी बेत आखला. गोदामातल्या झाडून सगळ्या सुट्या भागांचा साठा कॉम्प्युटरवर चढवायचा आणि साहेबांना घरी बोलावून गार करायचं!

पण तिथल्या भिंतीतली वीज आपल्या निम्म्या जोराची निघाली. मी घाबरतोय थोडाच? वीज दुप्पट करणारा ट्रान्सफॉर्मर विकत आणला. तो जिन्यावरून चढवताना माझी कंबर धरली ती धरलीच. त्याला मी घरून आणलेला बोर्ड जोडला. या बोर्डात जगातला कुठलाही प्लग बसतो! कॉम्प्युटर सुरू झाला.

त्या काळी घरच्या कॉम्प्युटरला पडदा टीव्हीचा आणि साठवायला गाण्यांची कॅसेट लागायची. पडद्यासाठी खालच्या घरमालकिणीचा टीव्ही आणून भिंतीतल्या विजेवर लावला. बायकोने या बाईंना पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं होतं, म्हणून तो मिळाला. तर तिथल्या टीव्हीची चित्र दाखवायची पद्धतच निराळी! रंग गायब, आणि अक्षरं खालून वर जी पळत सुटली ती थांबेचनात. त्यात कॅसेटवर साठवलेलं काही केल्या परत येईना, त्यामुळे रोज संध्याकाळी सगळा साठा मी नव्याने बडवायचो.

"तुम्ही हल्ली झोपेत वॉशर मोजता," बायको म्हणाली.

रविवारी संध्याकाळी साहेब आले. खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवायला लागले. वर-खाली, वर-खाली. हो, हो, हो!

"पसंत पडलं!" मी बायकोच्या कानात म्हणालो.

"अहो, ते अक्षरांच्या मागे धावतायत!"

तेवढ्यात साहेब मान चोळत म्हणाले, "जरा उजेड करता का? निदान बटणं तरी दिसू देत."

"आत्ता करतो!" मी मावशींचा टेबलावरचा दिवा उचलला आणि माझ्या बोर्डात खुपसला. माझ्या! दुप्पट विजेच्या!

काय उजेड पडला म्हणून सांगू! साहेबांच्या मिशीतला केस न् केस मोजून घ्या. मग फाट्! दिवा गेला, टीव्ही गेला, अख्ख्या इमारतीची वीज गेली.

अंधारात माझ्या डोळ्यांसमोर परतीचं विमान उभं राहिलं.

मावशी मेणबत्ती घेऊन वर आल्या. "कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचा दिवा," बायको म्हणाली.

साहेब शांतपणे म्हणाले, "बरं, या यंत्रात होतं तरी काय?"

मला रडू येत होतं. तरी बोलायला लागलो. बेअरिंग कुठल्या मांडणीत, किती शिल्लक. वॉशर, पट्टे, स्प्रिंगा... पोपटासारखा सगळा साठा घडाघडा म्हणून दाखवला.

साहेब उठले. माझ्या पाठीवर थाप मारली. "नोकरी पक्की! तुम्ही असताना कॉम्प्युटर हवाय कशाला?"

आनंद झालाच हो! पण ज्या यंत्रापायी कंबर गेली तेच नको ठरलं, ते जरा लागलं.

पुढच्या सुट्टीत बायकोने स्वतः बॅग भरली. मायदेशी जाताना कॉम्प्युटर, येताना कुकर. "याला कुठलीही वीज चालते," ती मला ऐकवून म्हणाली.

परत आल्या दिवशीच तिने कुकर चढवला. घरात कशी झकास पहिली शिट्टी झाली! आणि फट्‌दिशी दिवे गेले.

दार वाजलं. मावशी मेणबत्ती घेऊन उभ्या. "घाबरू नका! शिट्टीसारखा आवाज ऐकला आणि मेन स्विच मीच बंद केला. आता काय जोडलंत?"