डेन्मार्क सर

मंगळवार पेठेतला सिग्नल पहाटे बंद असतो. तरी मगदूम सर स्कूटर थांबवतात, लाल दिवा लागलाय असं मनाशी धरतात आणि तो हिरवा होईपर्यंत हलत नाहीत. मागं दूधवाला अडकतो.

"ओ सर, घ्या की म्होरं. दिवाच न्हाय तर कशाला थांबलायसा?"

"डेन्मार्कात लोक रिकाम्या रस्त्यावरही थांबतात."

"तिकडं म्हशी हायत का?"

सर विचार करून सांगतात, तिकडं गायी जास्त.

तरुणपणी ते डेन्मार्कला कायदा शिकून आले आणि आयुष्यभर कोल्हापुरात आम्हाला राज्यघटना शिकवत राहिले. 'तारीख मागणारा वकील म्हणजे कायद्याचा पाकीटमार' हे त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य. निवृत्तीनंतर आमच्या आघाडीनं त्यांना निवडणुकीला उभं केलं. आम्हाला पोस्टरवर एक स्वच्छ चेहरा हवा होता, एवढंच. सर प्रचारात म्हणायचे, "मी चुकलो तर मला कसं काढायचं, ते आधी समजून घ्या." लोक हसले आणि त्यांना निवडून दिलं. मग ते आमचे गटनेतेही झाले.

मी त्यांचा विद्यार्थी, पेशानं वकील, त्याच आघाडीचा नगरसेवक. महापौर निवडीच्या आधी मी समोरच्यांच्या बसमध्ये बसलो आणि सहलीला गोव्याला गेलो. त्यांनी मला एका समितीचं सभापतिपद कबूल केलं होतं. तिथं बायकोचा फोन आला.

"सर आल्यात. आघाडीलाच मत द्या म्हणून व्हिप का काय तो दाराला चिकटवायला लागल्यात."

"मग?"

"मग काय, खळ कमी पडली. मी करून दिली की. चहा बी दिला."

मी आघाडीच्या विरोधात हात वर केला. सरांनी मला अपात्र ठरवा म्हणून अर्ज केला. सुनावणी पुण्याला विभागीय आयुक्त साहेबांपुढं होती. आदल्या संध्याकाळी ते माझ्याच दारात उभे.

"तू गाडीनं जाणार असशील. मी येतो. हरकत आहे?"

वाटेत त्यांनी माझा बचाव वाचायला घेतला. "व्हिप हातात मिळाला नाही, हा मुद्दा कुठाय? वर्गात झोपत होतास काय? समोरचा कच्चा असला तर माझ्या जिंकण्याला काय किंमत?" कऱ्हाडच्या पुढं त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी, मीठ विसरलेली. त्यांची बायको वारल्यापासून स्वयंपाक तेच करतात. "दोघांचं केलंय," म्हणाले. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या. त्यांनी लोणचं पुढं केलं.

अशा खेपा होत राहिल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद अपुरे. दर वेळी तीच भाजी आणि माझ्या बाजूचा एखादा नवा मुद्दा. सभापतीच्या खुर्चीत मला नीट बसवेना. मी ठरवलं, आता संपवायचं.

पुढच्या सुनावणीला मी उभा राहिलो. "अर्जदार म्हणतात ते खरं आहे. व्हिप मला माहीत होता. मी जाणूनबुजून मोडला. मला अपात्र करा."

साहेबांनी पेन उचललं. तेवढ्यात सर उठले.

"माझी हरकत आहे."

"अहो, ते तुमच्याच बाजूनं बोलतायत."

"असू दे. मला अभ्यासाला वेळ पाहिजे." सर थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पुढची तारीख द्यावी."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

तारीख मिळाली. परतताना सातारा मागं पडला. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वांगं तुला आवडत नाही वाटतं. बोलायचं की रे."

पुढच्या तारखेला भेंडी होती. मी अजून नगरसेवक आहे.